फोटोचा धर्मपिता

सान इसिद्रो एल आल्तो,
१२ फेब्रुवारी १९८९

चि. एवारिस्तो,

आत्याचा आशीर्वाद. तो आधीच देऊन टाकते, कारण पत्र संपेपर्यंत द्यायची इच्छा राहील असं वाटत नाही.

तुझं पाकीट पोचलं. जाडजूड पाकीट बघून मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. ‘लग्नाचे फोटो आले, फोटो आले’ अशी आळीभर दवंडी मीच पिटली. निन्फाबाईंना मुद्दाम बोलावणं धाडलं. जावयाची आई, विहीणबाई. शहाण्या बाईने त्यांच्या आधी पाकीट उघडून बघावं की नाही? पण माझी अक्कल त्या दिवशी पेंड खायला गेली होती. टेबलावर नवं कापड घातलं, दालचिनीची कॉफी केली, आणि सगळ्यांच्या देखत पाकीट फोडलं.

पहिला फोटो: पातेल्याचा तळ. मोलेचा, मिरच्यांचा रस्सा करपून खाली धरलाय तो. दुसरा: आपला कापितान कुत्रा, टेबलाखाली, तोंडात टर्कीची मान. तिसरा: माझ्या आंपारोचे पाय. नवऱ्या मुलीचे पाय, बुटातून काढलेले, सुजलेले, कपडे धुवायच्या टोपात बुडवलेले! अरे, त्या पोरीला देवाने चेहरा दिलाय ना? मग क्रिसोफोरोदादा मक्याच्या पोत्यांवर झोपलेला, हॅट पोटावर, तोंडाचा आ. मग मी. पहाटे गिरणीच्या रांगेत, हातात भिजवलेल्या मक्याची बादली, केस पिंजारलेले, अंगात आमच्या यांचा जुना स्वेटर. हे गेले तरी स्वेटर गेला नाही हे आता सगळ्या गावाला कळलं.

आणि मग निन्फाबाई. कोपऱ्यात बसून हाडकाने दात कोरताना.

त्यांनी तो फोटो दोन बोटांत धरला, मेलेल्या उंदरासारखा, आणि म्हणाल्या, “भाच्याचा हात चांगला आहे हो तुमच्या. एकूण एक दात आलाय.” आणि कॉफी न पिता गेल्या.

एवारिस्तो, लग्नातली एकेक गोष्ट एकेका धर्मपित्याने अंगावर घेतली होती. अंगठ्यांचे धर्मपिता अंगठ्या घेऊन आले. केकच्या धर्ममातेने केक आणला, थोडा तिरका होता, पण आणला. वाजंत्रीच्या धर्मपित्याने अशी वाजंत्री आणली की ती जाता जाईना. फोटोचा धर्मपिता तू. पाद्रीसाहेबांसमोर हो म्हणालास. मी तुला एकच फोटो बजावून सांगितला होता: चर्चच्या दारात आम्ही तिघं भावंडं. मधे मी, एका हाताला दादा, एका हाताला तुझा बाप. आई गेली तेव्हापासून ते दोघं शेजारी शेजारी उभे राहिलेले नाहीत. मला मरायच्या आधी ते एकदा भिंतीवर बघायचे आहेत.

पाकीट तीनदा उलटं केलं. कुठाय तो?

तुझी,
कासिल्दाआत्या

&nbsp;

शिकागो,
१ मार्च १९८९

प्रिय आत्या,

निन्फाबाईंची माफी मागतो. त्यांचा फोटो फाडून टाका. माझ्याकडे निगेटिव्ह आहे, पण ते त्यांना सांगू नका.

बाकीच्यांची माफी मात्र मागणार नाही. आत्या, चर्चच्या दारातले फोटो सगळ्यांच्या घरी असतात, आणि सगळे सारखेच. माणसं अशी उभी असतात जणू कुणी त्यांच्यावर बंदूक रोखलीय. मला त्यात तुम्ही दिसतच नाही. मला तुम्ही दिसता त्या गिरणीच्या रांगेत. मी वर्षभर इथे दुसऱ्यांच्या लग्नात केक कापणारी जोडपी टिपतो, पोटासाठी. तिकडे येतो तेव्हा मला तुम्ही कसं जगता ते टिपायचं असतं.

इथल्या आपल्या वस्तीतल्या वाचनालयाने त्यातले काही फोटो, तुमचा गिरणीतलाही, भिंतीवर लावलेत. परवा तिथे एक म्हातारे गृहस्थ त्या करपलेल्या पातेल्यासमोर उभे होते, बराच वेळ. मी विचारलं, “आजोबा, काय बघताय?” तर म्हणाले, “बघत नाहीये रे. वास घेतोय.”

चर्चच्या दारातल्या फोटोचं म्हणाल तर ऐन वेळी रोल संपला. धंद्यात असं होतं.

आंपारोला माझं प्रेम. तिचे पाय फार छान आलेत.

तुमचा,
एवारिस्तो

&nbsp;

सान इसिद्रो एल आल्तो,
१६ मार्च १९८९

चि. एवारिस्तो,

काय म्हणालास? माझा स्वेटर वाचनालयात टांगलास? तिथे काय लोकांच्या भिंतींना पोपडे आलेत म्हणून मला लावलंस?

आणि रोल संपला म्हणे. बाळा, तुझी आत्या शाळेत दुसरीपर्यंत गेली, पण डोळे शाळेत ठेवून आली नाही. चर्चमधून आपण बाहेर पडलो तेव्हा कापितान घरी साखळीला होता. त्याला टर्कीची मान मिळाली जेवणावळीत, म्हणजे चर्चनंतर. पातेलं करपलं ते संध्याकाळी. आंपारोने बूट काढले ते नाचून झाल्यावर. कुत्र्याला रोल होता, पातेल्याला होता, पायांना होता. फक्त आम्हा भावंडांच्या वेळी संपला? दुसऱ्या कुणाला तरी गंडव.

आता इथली हालत ऐक. त्या फोटोसाठी मी लग्नाआधीच चौकट करून घेतली होती. सुताराने कडेला कणसं कोरलीत. ती मी तशीच, रिकामी, टेबलासमोरच्या भिंतीवर लावली. लाज वाटायची ती तुला वाटू दे, मी कशाला लपवू? येणारा जाणारा विचारतो, “कासिल्दाबाई, हे काय?” मी म्हणते, “माझ्या भाच्याने काढलेला फोटो.” धर्मपित्याने आपला वाटा उचलल्याशिवाय लग्न पुरं झालं असं आपल्यात कुणी मानत नाही. निन्फाबाई तर दर रविवारी चर्चमध्ये मोठ्याने विचारतात, “झालं का हो लग्न?” आणि आंपारोला सकाळच्या मळमळी सुरू झाल्यात! लग्न अर्धं आणि पोर पुरं, अशी आमची तऱ्हा.

दादा रोज सकाळी कॉफीला येतो. परवा चौकटीखाली बसला, वर बघितलं, आणि म्हणाला, “फोटो छान आलाय. हुबेहूब फिदेन्सियो.”

“इथे तर कुणीच नाही, दादा.”

“म्हणून तर हुबेहूब,” म्हणाला. “जिथे हवा तिथे नाही.”

तुला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून सांगते. आईची शवपेटी उचलायला चार खांदे लागत होते. पुढच्या दोन कोपऱ्यांवर मुलगे, हा आपला रिवाज. एका कोपऱ्यावर दादा. दुसऱ्यावर तुझा बाप हवा होता, तर तिथे शेजारचा त्रान्किलिनो लागला. तुझ्या बापाकडे तेव्हा तिकडे राहायची कागदपत्रं नव्हती. आला असता तर परत जाता आलं नसतं, आणि तिकडे तुम्ही चिमणी पोरं. हे मला कळतं. पाद्रीसाहेबांना कळतं. कापितानला कळतं. दादाला नाही कळत. तुझ्या बापाने फुलांचं मोठं चक्र पाठवलं होतं. दादा ते कुंपणावर टांगून म्हणाला, “फुलं खांदा देत नाहीत.” तेव्हापासून अबोला.

आता कागद झाले, फिदेन्सियो लग्नाला आला, दोघं एका अंगणात जेवले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. आणि घोड्याचा फोटो काढायला ठेवलेला माणूस कुत्र्यामागे पळत होता!

खरं काय ते लिही.

आत्या

&nbsp;

शिकागो,
२ एप्रिल १९८९

प्रिय आत्या,

ठीक आहे. खरं लिहितो. पण हे बाबांना कळलं तर मला घराबाहेर काढतील, आणि मग मी तुमच्याकडेच राहायला येईन, कुत्र्याचे फोटो काढत.

त्या दिवशी चर्चच्या दारात तुम्ही सगळ्यांना रांगेत उभं करत होता. बाबा माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, “तो आपणहून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, तरच बटण दाब. नाही आला तर हात लावू नकोस. मला ओढून आणलेला भाऊ नको.” मी कॅमेरा डोळ्याला लावून थांबलो. क्रिसोफोरोकाका आले, बाबांकडे बघितलं, आणि पार पलीकडच्या टोकाला, निन्फाबाईंच्या माणसांमध्ये जाऊन उभे राहिले. तुमची पाठ होती, तुम्ही आंपारोची ओढणी सारखी करत होता. मी बटण दाबल्याचं नुसतं नाटक केलं, आणि तुम्हाला लिहिलं, रोल संपला.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? एक म्हणतो तो येऊ दे, दुसरा म्हणतो मला बोलावू दे. दोघंही आजोबा व्हायच्या वयाचे. मी दोघांच्या मधे कॅमेरा घेऊन उभा, गाढवासारखा. आणि बोलणी मी खातोय!

काल पुन्हा विषय काढला. बाबा टीव्हीवर मुष्टियुद्ध बघत होते. म्हणाले, “मी फुलं पाठवली होती.” मी म्हटलं, “काकांना फुलं नको होती.” तर आवाज मोठा केला. स्वतःचा नाही, टीव्हीचा.

एक गोष्ट सांगतो, पण ती तुमच्यापाशीच ठेवा. काका पोत्यांवर झोपलेत तो फोटो वाचनालयाच्या भिंतीवरून नाहीसा झाला. मला वाटलं, कुणी चोरला. गेल्या आठवड्यात बाबांचा ट्रक धुवायला घेतला. समोरच्या काचेवरची, उन्हासाठीची झडप असते ना, ती खाली केली, तर मागे तो फोटो खोचलेला. मी झडप परत वर केली.

तुमचा,
एवारिस्तो

&nbsp;

सान इसिद्रो एल आल्तो,
१७ एप्रिल १९८९

चि. एवारिस्तो,

पत्र वाचलं आणि चुलीपाशी डोकं धरून बसले. आईने दोन मुलगे जन्माला घातले असं मी आजवर समजत होते. दोन खेचरं घातली. मधे मला घातलं ती दावं म्हणून.

आणि तो फोटो ट्रकमध्ये लावला? झोपलेल्या भावाचं तोंड उघडं बघून रस्ताभर हसत असेल तुझा बाप. असली थट्टा बरी नव्हे. दादाला मी सांगणार नव्हते, पण कॉफी ओतताना तोंडून गेलं. मला वाटलं, आता कप फेकतो. तर त्याने विचारलं, “कसला फोटो? झोपेतला?” मी म्हटलं, हो. “मग ठीक,” म्हणाला. “जागा असतो तर काढू दिला नसता.” आणि दुसरी टॉर्टिया मागितली. या माणसांचं काय करावं मला तरी कळत नाही.

आता माझा हुकूम ऐक. पंधरा मे, आपल्या सान इसिद्रोचा सण. त्या दिवशी फोटो पुन्हा निघणार. चर्चच्या दारात, लग्नाच्याच कपड्यांत, सगळे. निन्फाबाई तयार आहेत, त्यांनी दात दाखवणार नाही अशी दवंडी दिली आहे, या खेपेला ओठ मिटून उभ्या राहणार आहेत. आंपारोचा पोशाख आता मागून बंद होत नाही, तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरू. फोटो पुढून निघतो ना?

बापाला घेऊन ये. कारण विचारलं तर सांग, बहिणीने बोलावलंय. पुन्हा विचारलं तर सांग, बहिणीला कारण लागत नाही.

आणि तू. चर्चच्या दारासमोर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवायचं आणि तिथून हलायचं नाही. कुत्रा नको, पातेलं नको, कुणाचे पाय नकोत. संताची पालखी शेतं फिरून परत येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. जागचा हललास तर याद राख.

आत्या

ता. क. दादा येणार का, असं विचारू नकोस. पालखीचा पुढचा उजवा दांडा त्याचाच असतो. पालखी जिथून निघते तिथेच तुझं तिकाटणं आहे. दुसरी वाट कुठाय त्याला?

&nbsp;

शिकागो,
४ जून १९८९

प्रिय आत्या,

फोटो पाठवतोय. एकच. तुम्हाला हवा होता तोच. आता सुताराला सांगा, कणसांना न्याय मिळाला.

पण मी तुमच्यावर रागावलोय. खरंच रागावलोय, आत्या. विमानात बाबा सगळा वेळ झोपून होते, मी जागाच होतो, आणि मनात हेच घोळत होतं.

तुम्ही हलू नकोस म्हणालात, मी हललो नाही. तिकाटण्यापाशी उभा होतो, खांबासारखा. दारात पालखी उचलायची तयारी चाललेली. बाबा पायऱ्यांवर, हॅट हातात, परक्यासारखे. पुढचा उजवा दांडा काकांचा, डावा त्रान्किलिनोंचा. पाद्रीसाहेबांनी हात वर केला, आणि त्रान्किलिनो मटकन पायरीवर बसले.

“कंबर गेली,” म्हणाले.

कुणीतरी पुढे झालं, तर त्यांनी हात आडवा घातला. “तू नको. मी हा कोपरा एकदा दुसऱ्याच्या जागी उचलला होता. तेव्हापासूनच दुखतेय ती. ज्याचा खांदा आहे त्याने घ्यावा.”

घंटा वाजवणाराही थांबला. बाबा तिथेच उभे. काकांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. संताच्या पायांकडे बघत म्हणाले, “फिदेन्सियो, संत उन्हात उभा आहे. किती वेळ?”

बाबांनी हॅट माझ्या तिकाटण्यावर टांगली. कॅमेऱ्यावर, आत्या! भिंगावर! मला हॅटच्या आतली घामाची पट्टी दिसत होती, आणि तिच्या पलीकडे माझा बाप आणि माझा काका एकाच पालखीखाली वाकत होते. मी हॅट काढेपर्यंत पालखी वेशीपार गेली. मागे धावावं तर तुमचा हुकूम. मी सगळं आयुष्य असल्या एका फोटोसाठी हिंडतोय, आणि तो माझ्या हातभर पुढून गेला आणि मी रिकाम्या दारावर कॅमेरा लावून उभा! शेतातून फटाके ऐकू येत होते. कापितान माझ्यापाशी येऊन बसला. त्याचासुद्धा काढला नाही.

पालखी परत आली. तुम्ही सगळ्यांना उभं केलंत. या खेपेला कुणाला ओढावं लागलं नाही. दोघं आले आणि तुमच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी बटण दाबलं. बस.

त्रान्किलिनोंची कंबर कशी आहे? नाही, संध्याकाळी त्यांना नाचताना बघितलं, म्हणून विचारतो.

तुमचा,
एवारिस्तो

&nbsp;

सान इसिद्रो एल आल्तो,
२५ जून १९८९

चि. एवारिस्तो,

फोटो मिळाला. चौकटीत बसला. निन्फाबाईंनी चष्मा लावून बघितला आणि “झालं बाई लग्न” म्हणाल्या. कॉफीही प्यायल्या, दोन कप. चिमटे दिसत नाहीत.

त्रान्किलिनोच्या कमरेचं मला काय विचारतोस? मी त्याला आदल्या दिवशी फक्त एक वाडगा मोले नेऊन दिला होता. मोलेने कंबर जाते असं कुठे ऐकलंयस? संत इसिद्रोची शपथ, मी त्याला ‘नाच’ एवढंच म्हणाले नव्हते.

पण तुझ्या फोटोत खोट आहे. धंद्यातला माणूस म्हणवतोस आणि तुला दिसलं नाही? दोघंही वाकडे उभे आहेत. दादाचा उजवा खांदा वर चढलाय, तुझ्या बापाचा डावा. दोघं माझ्याकडे असे कलंडलेत जणू मीच पालखी आहे. मी तेव्हा ओरडत होते, सरळ उभे राहा, सरळ उभे राहा, पण ऐकतील तर ना! दांडीने खांदे सुजलेले. दादा पुढे आठवडाभर सदरा घालताना कण्हत होता. मी म्हटलं, “लेप लावू का?” तर म्हणाला, “राहू दे. दुखतंय ते बरं आहे.” त्याच रविवारी कुंपणावर गेला, तिथे त्या चक्राची गंजकी तार अजून लोंबत होती, ती सोडवली आणि तिच्यावर वालाचा वेल चढवला. मला विचारलंही नाही.

आता मुख्य तक्रार. तुझा बाप हल्ली दादाला पत्रं पाठवतो. थेट. माझ्या पत्त्यावर येतात, कारण दादाकडे पेटी नाही, पण पाकिटावर नाव दादाचं. दादा ती घेतो, दाराबाहेर जाऊन वाचतो, एकटाच हसतो आणि खिशात घालतो. मी विचारलं, “काय लिहिलंय?” “काही नाही.” इतकी वर्षं या दोघांची बातमी माझ्याच पदराने इकडून तिकडे गेली, एकाची शिवी दुसऱ्याला धुऊन सांगितली, आणि आता दोघांचं जुळलं तर मी कोण? पोस्टमास्तरीण! रागाने जीव जातो माझा.

आणि त्याहून कहर ऐक. एवढा चांगला फोटो भिंतीवर लावला. सगळे नटलेले, केस बसवलेले, जसा फोटो असावा तसा. दादा त्याच्याखाली बसतो आणि वर बघतसुद्धा नाही. काल मी चिडले. म्हटलं, “दादा, या फोटोपायी माझे केस पिकले, एकदा नीट बघ तरी.”

तो वर न बघताच म्हणाला, “बघितलाय. यातला फिदेन्सियो मला ओळखू येत नाही. फोटोसाठी उभा राहिलाय तो. पोराला लिही, बाप दुपारचा झोपला की त्याचा एक काढ आणि मला पाठव. माझा त्याच्याकडे आहे, त्याचा माझ्याकडे नको का?”

मी चुलीपाशी गेले आणि मोठ्याने भांडी आपटली. तर मागून ओरडला, “आणि तोंड उघडं पाहिजे, सांग त्याला. लहानपणी मी रोज बघायचो.”

तेव्हा बाळा, लाग कामाला. बापाला पोटभर जेवू घाल, सोफ्यावर पडू दे, घोरायला लागला की काढ. नेम नीट धर.

आणि माझा तो गिरणीतला, स्वेटरवाला, वाचनालयातून उतरवू नकोस. राहू दे तिथे. फक्त खाली नाव लिही. कासिल्दा. नाहीतर लोकांना वाटायचं, कुणीही बाई आहे.

तुझी,
आत्या